फुकटचे मैल आणि दिशांची मर्यादा



आषाढ लागला की आमच्या पौड रस्त्यावर दोन तऱ्हेचे प्रवासी दिसतात. शनिवार-रविवारी ताम्हिणीकडे निघालेल्या गाड्यांची रांग लागते. आणि चातुर्मास बसायच्या आत ठरलेलं स्थानक गाठायचं म्हणून पहाटे पायी विहार करणाऱ्या महासतीजीही कधी कधी ह्याच रस्त्याने जाताना दिसतात. एकदा चातुर्मास बसला की चार महिने त्यांचा विहार बंद. गाड्यांची रांग मात्र वाढतच जाते.

मागच्या महिन्यात आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीने मुळशी तलावाकाठच्या एका रिसॉर्टमध्ये दोन रात्री काढल्या. खोली क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सवर मिळालेली. तिचा मुलगा हिंजवडीत आहे, त्याच्याकडे विमानाचे भरपूर माइल्स साठलेत. दिवाळीनंतर तो आई-वडिलांना बिझनेस क्लासने अमेरिकेला नेणार आहे. सामायिक झाल्यावर तिने सगळ्यांसमोर मला विचारलं, "एक पैसा खर्च झाला नाही, मग ह्यात परिग्रह कसला गं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला उत्तर देता आलं नाही. मी बी.कॉम. झालेली बाई. कुणी 'फुकट' म्हटलं की मला नोंदीची दुसरी बाजू शोधायची सवय आहे. एकाच्या खात्यात जमा असेल, तर कुणाच्या तरी नावे असतंच. म्हणून हे पॉइंट्स आले कुठून, याचा इतिहास मी वाचून काढला. आज तोच सांगते आहे, आणि शेवटी माझ्या घरातली एक चूकही.

आधी त्या तलावाबद्दल दोन शब्द. खोलीच्या खिडकीतून दिसणारं ते सुंदर पाणी टाटांच्या वीज कंपनीने मुंबईच्या विजेसाठी अडवलेलं आहे. त्याखाली मावळ्यांची भातखाचरं होती. मुळशी पेट्यातल्या ५२ गावांचा प्रश्न होता. १९२१ च्या रामनवमीला इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट त्यात पुढे होते. धरण झालंच. हे मी कुणाची सहल खराब करायला सांगत नाही. एवढंच, की आपल्याला बिनपैशाने मिळालेल्या गोष्टीची किंमत कुणीतरी कुठेतरी दिलेली असते, हे मुळशीत राहणाऱ्या बाईला वेगळं शिकवावं लागत नाही.

आता पॉइंट्सकडे वळते.

गिऱ्हाईक टिकवण्यासाठी काहीतरी वर द्यायचं, ही युक्ती जुनी आहे. आपल्या लहानपणी चहाच्या पुड्यातली कुपनं जमवून कपबशा मिळायच्या. पण ह्याचा मोठा, पद्धतशीर धंदा अमेरिकेत १८९६ मध्ये सुरू झाला. स्पेरी आणि हचिन्सन नावाच्या दोघांनी एक कंपनी काढली. ती दुकानदारांना हिरवी तिकिटं विकायची. दुकानदार गिऱ्हाइकाला दर दहा सेंटच्या खरेदीमागे एक तिकीट द्यायचा. बायका घरी बसून ती तिकिटं जिभेने ओली करून वहीत चिकटवायच्या. वही भरली की कंपनीच्या दुकानात जाऊन दिवा, चादर, भांडी असं काहीतरी घ्यायचं. १९६० च्या दशकात ह्या 'ग्रीन स्टँप्स'चं अमेरिकेतल्या घराघरात वेड होतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दुकानदार ती तिकिटं विकत घेत होता. मग तो खर्च कुठे गेला? मालाच्या किमतीत. म्हणजे चादर फुकट नव्हती, तिचे पैसे साबणाच्या वडीबरोबर थोडे थोडे भरले जात होते. जी बाई तिकिटं चिकटवत नव्हती, तीही ते भरत होती. आपल्याकडे बोहारीण दारात बसून पातेल्यासाठी घासाघीस करते, तेव्हा किती साड्यांना केवढं पातेलं, हे दोघींच्या डोळ्यांसमोर ठरतं. हिरव्या तिकिटांत ती घासाघीसच राहिली नाही. भाव एकाच बाजूने ठरू लागला.

विमानांची गोष्ट ह्यानंतरची. अमेरिकेत १९७८ पर्यंत देशांतर्गत विमानाचं भाडं आणि मार्ग सरकार ठरवत असे. त्या वर्षी ऑक्टोबरात कायदा बदलला आणि कंपन्यांना मोकळीक मिळाली. भाड्यांची लढाई सुरू झाली. सगळ्यांच्या खुर्च्या सारख्या, विमानं सारखी. मग प्रवाशाने आपल्याकडेच का यावं? १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडव्हांटेज' ही योजना सुरू केली. आरक्षणाच्या संगणकात पुन्हा पुन्हा येणारे फोन नंबर शोधून त्यांनी नेहमीचे प्रवासी ओळखले आणि सांगितलं, तुम्ही जितके मैल उडाल तितके तुमच्या नावावर जमा होतील. ठरावीक मैल झाले की तिकीट मोफत. काही दिवसांतच युनायटेडनेही तशीच योजना आणली. आपल्याकडे तो महाराष्ट्र दिन होता आणि त्या वर्षी मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. जमाखर्चाच्या पुस्तकात असं नवं चलन येतंय, याची आम्हाला गंधवार्ताही नव्हती.

हुशारी अशी, की मैल गोळा करणारा बहुतेक वेळा कंपनीच्या कामाने फिरणारा असायचा. तिकिटाचे पैसे त्याचा मालक भरायचा आणि मैल त्याच्या स्वतःच्या नावावर पडायचे. मग तो स्वस्त विमान सोडून 'आपलं' विमान निवडायचा.

१९८७ मध्ये पुढचं पाऊल पडलं. सिटी बँक आणि अमेरिकन एअरलाइन्सने मिळून क्रेडिट कार्ड काढलं. आता मैल मिळवायला उडायची गरजच राहिली नाही. किराणा भरला तरी मैल, जोडे घेतले तरी मैल. विमान कंपनी बँकेला मैल विकते, बँक ते कार्डधारकाला देते आणि दुकानदाराकडून प्रत्येक व्यवहारामागे शुल्क घेते. हिरव्या तिकिटांचंच नवं रूप. म्हणून म्हणते, मंडळातल्या मैत्रिणीच्या खोलीचे पैसे भरले गेलेच आहेत. थोडे तिने भरले, थोडे दुकानदाराने, आणि थोडे तिच्यामागे रांगेत रोख पैसे घेऊन उभ्या असलेल्या बाईने.

ह्या नादात माणूस कुठवर जातो, त्याचा एक किस्सा. १९९९ मध्ये एका खाद्यपदार्थ कंपनीने जाहीर केलं की आमच्या मालावरचे बारकोड पाठवा आणि विमानाचे मैल मिळवा. कॅलिफोर्नियातल्या एका अभियंत्याने हिशोब केला. सगळ्यात स्वस्त होत्या पुडिंगच्या डब्या, एक पाव डॉलरला. त्याने १२,१५० डब्या घेतल्या. सुमारे ३,१०० डॉलर खर्च आला आणि बारा लाखांहून जास्त मैल मिळाले. एवढं पुडिंग खाणार कोण? त्याने ते एका सेवाभावी संस्थेला दिलं आणि बदल्यात तिथल्या स्वयंसेवकांनी बारकोड सोलून दिले. अन्न वाया गेलं नाही, हे वाचून मला बरं वाटलं. पण आपण स्वतःला विचारावं, की माझ्या कपाटातल्या किती वस्तू पुडिंगच्या त्या डब्यांसारख्या आहेत? वस्तूसाठी न घेतलेल्या, पॉइंट्ससाठी घेतलेल्या?

आपल्या देशात हे १९९० च्या दशकात आलं. १९९३ पासून जेट एअरवेजसारख्या खासगी कंपन्या उडू लागल्या आणि पाठोपाठ त्यांच्या पॉइंट योजनाही आल्या. त्याच दशकाच्या अखेरीस एमआयडीसीने हिंजवडीत आयटी पार्क उभं केलं. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते, हे पुण्यातल्या पुष्कळांच्या लक्षात नसतं. जिथे ऊस आणि भात होता, तिथून मुलं 'ऑनसाइट' जाऊ लागली. एका फेरीत हजारो मैल. आमच्या भागात एखाद्याच्या घरी गेलं की फ्रीजवर परदेशी चुंबक आणि बोलण्यात 'गोल्ड', 'प्लॅटिनम' हे शब्द, ही त्याच काळातली ओळख.

पण ह्याच काळात दुसरी बाजूही दिसली. किंगफिशरची विमानं २०१२ च्या ऑक्टोबरात थांबली आणि लोकांनी जमवलेले मैल नुसते आकडे होऊन राहिले. १७ एप्रिल २०१९ ला जेट थांबली. तिची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीच्या नावावर होती, म्हणून ती 'इंटरमाइल्स' ह्या नावाने पुढे चालू राहिली, पण ज्या विमानात बसायला लोकांनी पॉइंट्स जमवले होते, ते विमानच राहिलं नाही. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ ला पुन्हा टाटांकडे आली, १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा तिच्यात विलीन झाली. विस्ताराच्या सभासदांचे पॉइंट्स नव्या योजनेत जसेच्या तसे आले, हे त्यांचं नशीब. तीन कंपन्यांच्या गिऱ्हाइकांनी सारखंच जमवलं आणि तिघांच्या हाती वेगवेगळं लागलं.

असं का होतं? कारण पॉइंट म्हणजे पैसा नाही, ते एक वचन आहे. ज्याने ते दिलं, त्याच्या वहीत ती जबाबदारी म्हणून लिहिलेली असते. १ एप्रिल २०१८ पासून आपल्या मोठ्या कंपन्यांना लागू झालेल्या हिशोबाच्या नियमांप्रमाणे तिकिटाच्या पैशातला पॉइंट्सपुरता भाग कंपनीने लगेच उत्पन्न म्हणून धरायचा नसतो. गिऱ्हाइकाने पॉइंट वापरला की धरायचा. आणि जे पॉइंट्स कधीच वापरले जाणार नाहीत, त्यांचा अंदाज बांधून तेही उत्पन्नात घ्यायचे. ह्याला 'ब्रेकेज' म्हणतात. म्हणजे तुम्ही-आम्ही विसरतो, ते कुणाच्या तरी जमेला पडतं. विसरणं हा हिशोबातला एक रकानाच आहे.

ह्या वचनाची किंमत केवढी, ते कोरोनात दिसलं. २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी होती, तेव्हा युनायटेडने आपली पॉइंट योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने ९ अब्ज. सोनं गहाण ठेवतात तशी आपल्या सवयींची खातेवही गहाण पडली आणि सावकारांनी ती आनंदाने घेतली.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. ह्यात परिग्रह कसला?

पहिला मुद्दा अदत्तादानाचा. मुलगा कंपनीच्या पैशाने फिरला, तर माइल्स कुणाचे? २००२ मध्ये जर्मनीत ह्यावर मोठं वादळ उठलं. खासदारांनी सरकारी प्रवासाचे मैल खासगी सहलींना वापरल्याचं बाहेर आलं आणि ग्रेगोर गिझी ह्या नेत्याने बर्लिनमधलं मंत्रिपद सोडलं. आपल्या केंद्र सरकारचाही नियम आहे, की सरकारी दौऱ्यावर मिळालेले माइल्स सरकारी दौऱ्यासाठीच वापरायचे. खासगी कंपन्या बहुतेक वेळा ते नोकरालाच ठेवू देतात. ठेवू देत असतील तर ते दिलेलं आहे, त्यात दोष नाही. पण मुलाला एकदा विचारायला काय हरकत आहे? "कंपनीचा नियम काय आहे रे?" एवढा प्रश्न आईने विचारावा.

दुसरा मुद्दा दिशांचा. आपल्या बारा व्रतांतलं सहावं दिशापरिमाण व्रत. चारी दिशांना, वर आणि खाली किती जायचं याची मर्यादा. पूर्वी मला वाटायचं, हे जुन्या काळातल्या गरीब लोकांसाठी असेल, त्यांना कुठे जायचं होतं! पण आनंद श्रावक आठवा. उपासकदशांगात त्यांचं वर्णन आहे. बारा कोटी सुवर्णमुद्रांचा धनी, चाळीस हजार गाई. त्याने भगवान महावीरांसमोर व्रतं घेताना वाहनांचीही मर्यादा केली. प्रवासाला पाचशे गाड्या, मालाला पाचशे, शिवाय मोजकी जहाजं. पाचशे म्हणजे कमी नव्हेत! तो काही घरी बसून राहिला नाही. पण कुठे थांबायचं, ते त्याला माहीत होतं.

आणि ह्या व्रताचे अतिचार वाचताना मी थबकले. वर, खाली, आडवी मर्यादा ओलांडणं हे तीन झाले. चौथा क्षेत्रवृद्धी. म्हणजे पश्चिमेला जायचं नाही म्हणून तिकडचे योजन पूर्वेच्या मर्यादेत घालायचे. ह्या कार्डाचे पॉइंट्स त्या विमानात वळवायचे, तिथून हॉटेलात, म्हणजे मोठी सहल बसते, हा आजचा सगळा खेळ त्याच धाटणीचा आहे. पाचवा अतिचार म्हणजे मर्यादा किती ठेवली होती, हेच विसरणं. कंपनी आपल्या विसरण्यावर कमावते आणि शास्त्र त्या विसरण्याला दोष म्हणतं. दोन्हीकडचे हिशोबनीस एकाच जागी बोट ठेवतात.

आता माझी चूक सांगते.

माझ्या सासूबाईंचं हे व्रत होतं. सकाळी चौदा नियम धारताना त्या दिवसाची दिशाही ठरवायच्या. बहुतेक दिवशी, "पिरंगुटच्या पुढे नाही." पण आयुष्यभराच्या मर्यादेत त्यांनी पूर्व दिशा शिखरजीपर्यंत ठेवली होती. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी एकदा डोळ्यांनी पाहायची, एवढीच इच्छा. गुडघे गेलेले, त्यामुळे इतका लांबचा रेल्वेप्रवास कठीण. मुलगा म्हणाला, "आई, कार्डाचे पॉइंट्स जमव, पुढच्या रुंद सीटवर दोघींना रांचीपर्यंत नेता येईल." मी २०१४ पासून वहीत दर महिन्याचा आकडा लिहू लागले. मला त्याची गोडी लागली. विजेचं बिल कार्डावर, लग्नाच्या साड्या कार्डावर. आकडा जवळ आला की तिकिटाला लागणारे पॉइंट्स वाढायचे. मी पुन्हा जमवायला बसायची.

२०१८ च्या चातुर्मासानंतर सासूबाई म्हणाल्या, "आपण गाडीनेच जाऊ का गं? हळूहळू जाऊ." मी म्हटलं, "थोडं थांबा, ह्या वर्षात होतील पूर्ण." खरं सांगते, त्या दोन तिकिटांना रोख जेवढे पैसे लागले असते, त्याहून जास्त आम्ही त्याच वर्षी एका लग्नाच्या आहेरात घातले होते. पैसे नव्हते असं नाही. मला ते फुकट हवं होतं.

पुढे योजनेचे नियम बदलले, अर्धे पॉइंट्स मुदत संपून गेले. मग टाळेबंदी आली. २०२१ च्या कार्तिकात सासूबाई गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. उरलेल्या पॉइंट्समध्ये एक इस्त्री आली. चांगली आहे, अजून चालते.

२०२३ मध्ये मी आणि हे रेल्वेने गेलो. पारसनाथ स्टेशन, तिथून मधुबन, आणि मग नऊ किलोमीटरची चढण. अर्ध्या वाटेत एक आजी डोलीतून चाललेल्या दिसल्या, सासूबाईंच्याच वयाच्या. शेजारून त्यांची सून पाण्याची बाटली घेऊन चालत होती. मी बाजूला उभी राहिले आणि त्यांना पुढे जाऊ दिलं.

म्हणून मैत्रिणीला माझं उत्तर असं. पॉइंट्स घेणं पाप नाही. आपोआप जमले तर अवश्य वापर, आई-वडिलांना रुंद खुर्चीवर बसवण्यात कसला दोष? पण पॉइंट्ससाठी वस्तू घेऊ नकोस. मुदत कधी संपते ते घरातल्या दिनदर्शिकेवर लिही. वर्षातून एकदा, संवत्सरीच्या आधी, कपाटासारखंच हे खातंही रिकामं कर. सहल आधी ठरव आणि पॉइंट्स नंतर मोज, म्हणजे पॉइंट्स तुझी सहल ठरवणार नाहीत. आणि घरातलं म्हातारं माणूस कुठे जायचं म्हणालं, तर त्या दिवशी खात्यात किती जमा आहे ते बघू नकोस. तिकीट काढ.

जय जिनेंद्र.